गादीची साक्ष

आता जे सांगायचं आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने एकदा डोकं तपासून घ्यावं. एक धडधाकट, पेन्शन खाणारा, जिना न थांबता चढणारा माणूस भर दुपारी मेला, आणि तो मेल्याची बातमी त्याच्या स्वतःच्या गादीने बायकोला कळवली, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण झालं ते असंच झालं. शिक्केकाकांना विचारा. काका खोटं बोलत नाहीत. निदान मरणासारख्या मोठ्या गोष्टीत तरी नाही.

शिक्केकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. काकांची उभी नोकरी वजनमाप खात्यात गेली. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं पारखायची, आणि बरोबर निघाली तर त्यांवर सरकारी शिक्का ठोकायचा. नोकरी संपली, हातातली हातोडी गेली, पण डोक्यातली राहिली. कोणी "थोडं थांबा" म्हटलं की काका विचारणार, "थोडं म्हणजे किती?" काकूंनी चिमूटभर मीठ टाकलं म्हटलं की, "कोणाची चिमूट?" ज्या मापावर शिक्का नाही ते माप मानायचं नाही, हा त्यांचा बाणा.

आणि म्हणूनच त्यांच्या संसारात एक खटला लग्नापासून तुंबून राहिला होता. काकूंचं म्हणणं, काका घोरतात. नुसतं म्हणणं नाही, त्या पाहुण्यांपुढे वर्णन करत. "आधी मालगाडी सुटते. मग ती पुलावर चढते. मग मध्येच थांबते, आणि आता ही का थांबली या काळजीने मला झोप लागत नाही." यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "आरोप मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि तुझे कान प्रमाणित नाहीत."

अशा घरात ती गादी आली.

मुलीने परगावाहून पाठवली. "बाबा, तुमच्या कंबरेसाठी आहे," एवढंच ती फोनवर म्हणाली. डबलबेडची, जाडजूड, चारी बाजूंनी शिवलेली. नुसती गादी असती तर काही बोलणं नव्हतं, पण तिच्या पोटात एक चिप होती. ती झोपणाऱ्याचं वजन घ्यायची, बदललेल्या कुशी मोजायची, अंगाची ऊब तपासायची, श्वास ऐकायची, आणि सगळं कंपनीला कळवून मग वर मालकाच्या मोबाईलवरही धाडायची. काकांचा फोन बटणांचा, म्हणून मुलीने तिथूनच गादी काकूंच्या मोबाईलला जोडून दिली. इतिहासातल्या बऱ्याच लढाया अशाच किरकोळ सोयीतून सुरू झालेल्या असतात.

पहिल्याच सकाळी मोबाईल वाजला. काकूंनी चहाचा कप खाली ठेवून वाचलं, "सुप्रभात! डावीकडच्या सदस्यांची झोप चांगली झाली. उजवीकडचे सदस्य अस्वस्थ होते. उजवीकडचा भार प्रमाणापेक्षा जास्त आहे."

"उजवीकडचे सदस्य कोण?" काका म्हणाले.

"तुम्ही."

"माझ्या घरात, माझ्या पलंगावर, मी उजवीकडचा सदस्य?"

"पुढे ऐका तर. 'मी सध्या आपणा दोघांची ओळख करून घेत आहे. येत्या रविवारी आपल्याला प्रत्येकाच्या घोरण्याचा वेगवेगळा अहवाल मिळेल.'" काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. आवडतं गाणं माणूस पुन्हा लावतो, तसं. मग त्या म्हणाल्या, "ठरलं तर. रविवारी गादी म्हणाली की तुम्ही घोरता, तर तुमची उशी बाहेरच्या खोलीत. दिवाणावर. कायमची. आणि घोरत नाही म्हणाली, तर अख्ख्या बिल्डिंगला बोलावून मी तुमची माफी मागेन."

बाहेरच्या खोलीतला दिवाण काकांच्या घोट्यापाशी संपत असे. शेजारी फ्रिज होता, आणि तो मधूनमधून हुडहुडी भरल्यासारखा थरथरायचा.

"मुद्दा घोरण्याचा नाहीच," काका म्हणाले. "मुद्दा तत्त्वाचा आहे. माझ्या पाठीखालच्या वस्तूने माझी चहाडी करायची? मी चालू देणार नाही!" काकांच्या मनात तत्त्व आणि दिवाण दोन्ही एकदमच आले होते. बोलताना तत्त्व पुढे झालं, इतकंच.

त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"आपल्या झोपेबद्दल काय तक्रार आहे, सर?"

"झोपेबद्दल नाही. गादीबद्दल. तिचं तोंड बंद करा."

"सर, ती सोय ग्राहकाच्या सोयीसाठी आहे."

"ग्राहक मीच आहे, आणि माझी गैरसोय होतेय."

"पण आपण संमती दिली आहे, सर."

"मी कुठे सही केली?"

"सही लागत नाही, सर. आपण गादीवर पहिल्यांदा आडवे झालात तीच संमती."

काकांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. आडवं होणं म्हणजे सही! उद्या माणूस जांभई देईल आणि घर कोणाच्या तरी नावावर होईल! दुपारपर्यंत त्यांनी ही बातमी जिन्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि जिन्यात सांगितलेल्या बातमीला सल्ले फुकट मिळतात.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण काका, तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

"तुमच्या न्हाणीघराला आतून कडी आहे?"

"आहे की."

"मग? आत काय बाँब करता?"

डॉक्टर विचारात पडले. त्यांना स्वतःच्या आंघोळीबद्दल कोणी कधी इतकं थेट विचारलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई राहत. त्या मात्र चिपच्या बाजूच्या निघाल्या. "माझ्या चपलेतही आहे हो काका! परवा चप्पल हरवली, मोबाईलवर बघितलं, तर ती माझ्या भाच्याच्या घरी. भाचा म्हणे, मी तर तुझ्याकडे आलोच नव्हतो मावशी! आता भाचा बोलत नाही, पण चप्पल मिळाली ना?"

"पुढच्या वेळी भाचा हरवेल तेव्हा त्याच्यातही बसवून घ्या," काका म्हणाले.

समोरच्या दारातले विमेवाले कायमच आशावादी. "मी तर म्हणतो, गादीने विमा कंपनीलाही कळवावं. शांत झोपणाऱ्याला सवलत मिळेल."

"आणि अशांत झोपणाऱ्याला?"

विमेवाल्यांनी जिन्याच्या छताकडे पाहिलं आणि तिथला रंग उडालाय असं सांगितलं.

एक गोष्ट काकांच्या ध्यानात आली. चहाडी करू नको असं म्हणणारा माणूस जगाला चोर वाटतो, आणि चहाडी करणारी गादी हुशार. असला अपमान त्यांचा नोकरीतही झाला नव्हता. तिथे निदान लबाड दुकानदार त्यांना घाबरत. इथे त्यांचा पलंगच त्यांना घाबरेना. "जमिनीवर झोपा," असंही कोणी सुचवलं. काका उसळले. "माझ्या घरात मी गादीला भिऊन फरशीवर झोपू? तीच जाईल फरशीवर!"

आणि शुक्रवारी दाढी करताना, एक गाल झालेला आणि दुसऱ्यावर फेस, असे काका न्हाणीघरातून ओरडत बाहेर आले. "अगं, ती वजन घेते!"

"कोण?"

"गादी! 'उजवीकडचा भार जास्त आहे' म्हणाली की नाही? म्हणजे ती काटा आहे! आणि तिच्यावर शिक्का नाही! बिनशिक्क्याचा काटा, माझ्या पाठीखाली!" काकांच्या डोळ्यांत नोकरीच्या ऐन दिवसांतली चमक आली होती. बिनशिक्क्याच्या काट्याचं माप कायद्याने शून्य. खात्याने गादीला नापास केलं की रविवारचा अहवाल रद्दी. तत्त्वही वाचलं, उशीही वाचली.

दुसरा गाल झाल्यावर टेंपो आला. गादी जिन्यातून उतरवणं हे काम चौघांचं होतं आणि सूचना देणारे त्याहून जास्त. "उभी करा!" "आडवी घ्या!" "वाकवू नका, तिला लागतं!" पहिल्या वळणावर ती अशी काही अडकली की जिन्याचे दोन भाग झाले. दातांचे डॉक्टर वरच्या भागात राहिले, आणि खालच्या भागात त्यांचा पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला. गादी सुटेपर्यंत तो माणूस बिचारा काही बोलूच शकला नाही.

काका गादीसोबत गेले. फोन मात्र घरी चार्जिंगला राहिला.

वजनमाप खात्यात काकांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता साहेब झाला होता. त्याने गादीला प्रदक्षिणा घातली.

"सर, ही गादी आहे."

"काटा आहे. फक्त मऊ आहे."

"पण हिला घालू कोणत्या वर्गात? टांगता काटा, टेबलावरचा काटा, ट्रकचा काटा... यांत ही बसत नाही."

"झोपायचा काटा असा नवा वर्ग काढ. आणि नापास कर."

साहेबाने मान खाजवली. "सर, न तपासता नापास करायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. आधी प्रमाणित वजनं ठेवून बघायची."

स्वतःचाच धडा तोंडावर आल्यावर काकांनी मान डोलावली. काकांच्या वजनाइतकी लोखंडी वजनं गादीच्या उजव्या बाजूला मांडली गेली. आणि वजनं मांडणारा जेवायला गेला. जेवून आला तेव्हा साहेब मीटिंगला गेले होते. साहेब आले तेव्हा वजनं उचलणाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि दुसऱ्याने उचलायची तर नियमात बसत नव्हतं. काका व्हरांड्यातल्या बाकावर समाधानाने बसून होते. सरकारी काम असं सावकाश चाललेलं पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटत होतं. लोखंड गादीवर पडून होतं. न हलता, न कूस बदलता, थंडगार.

इकडे घरी काकूंचा मोबाईल वाजला.

"तातडीची सूचना. उजवीकडचे सदस्य हलत नाहीत. श्वास आढळत नाही. शरीर थंड आहे."

दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर बायकोने म्हटलं असतं, काहीतरी घोटाळा आहे. पण काकू काकांना ओळखून होत्या. साहेबाला पटवून देण्यासाठी भर ऑफिसात गादीवर आडवं होणं हे त्यांच्या स्वभावात चपखल बसणारं होतं. त्यांनी काकांना फोन लावला. तो स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी वाजला. काकू मटकन खाली बसल्या.

थोड्याच वेळात बाहेरची खोली भरली. गाण्याच्या बाईंनी काकूंचा हात हातात घेतला. विमेवाले खिशात हात घालून उभे होते, आणि त्या खिशात कोणता फॉर्म आहे हे सगळ्यांना कळत होतं. दातांचे डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "माणूस शेवटपर्यंत खंबीर. एक दाढ सोडली तर सगळे दात स्वतःचे..."

"मी म्हटलं होतं त्यांना, टेंपोने जाऊ नका," काकू म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. चिडल्या होत्या. "कधी ऐकायचं नाही. एकदासुद्धा ऐकायचं नाही माझं."

एवढ्यात खाली टेंपोचा आवाज आला. सगळे गॅलरीत धावले.

खात्याने शेवटी गादीवर 'वर्ग उपलब्ध नाही' असा शेरा मारून तिला परत पाठवलं होतं. येताना ती वाऱ्याने उडू नये म्हणून काका तिच्यावर उताणे पडले होते. दोन्ही हात पसरलेले, आणि रस्त्यावरची धूळ जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटलेले. वरून पाहणाऱ्यांना जे वाटायचं तेच वाटलं. विमेवाल्यांनी हात खिशातून बाहेर काढून जोडले.

टेंपो थांबला आणि काका उठून बसले.

गाण्याच्या बाईंच्या तोंडून जो सूर निघाला तो त्यांना उभ्या आयुष्यात लागला नव्हता. पुढे त्यांनी तो पुष्कळ शोधला म्हणे, सापडला नाही.

काकू जिना उतरून खाली आल्या. काकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून त्यांनी उगाच ओढून पाहिली, आणि म्हणाल्या, "फोन का नेला नाहीत?"

"अगं, गादीकडे लक्ष देता देता..."

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. काकूंनी तिथेच, टेंपोशेजारी, मोठ्याने वाचलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. यापुढे आपल्याला एकेरी गादी अधिक सोयीची वाटेल. खास सवलत, केवळ आपल्यासाठी."

"मी अजून टेंपोतून उतरलो नाही आणि ही माझी बाजू कापायला निघाली?" काका गरजले.

त्यांनी काकूंच्याच मोबाईलवरून हेल्पलाइन लावली. सगळी बिल्डिंग कान देऊन उभी.

"मी उजवीकडचा सदस्य बोलतोय."

"ते वारले आहेत, सर. आपलं त्यांच्याशी नातं?"

"मी स्वतः."

"'स्वतः' असं नातं आमच्याकडे येत नाही, सर. मुलगा लिहू?"

शेवटी काका इतके ओरडले की फोन मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने तोडगा सांगितला. रविवारी शोरूममध्ये यावं, तिथल्या गादीवर तासाभराची झोप घ्यावी. गादीने ओळखलं की काका पुन्हा जिवंत. राहिलेला घोरण्याचा अहवालही लगेच मोबाईलवर.

"येतो," काका म्हणाले. "पण माझी अट ऐका. माझ्या झोपेतलं अवाक्षर कोणाच्या मोबाईलवर जाणार नाही. तुमच्याही नाही, आमच्याही नाही. आणि माझ्या गादीच्या पोटातली चिप काढून माझ्या हातात द्यायची. नाही दिलीत तर ही गादी घेऊन मी तुमच्या शोरूमच्या दारात बसेन, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन की तुम्ही मला जिवंतपणी मारलंत. मेलेला माणूस स्वतः सांगतोय म्हटल्यावर लोक थांबून ऐकतील!"

टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरांनी 'ऐका, ऐका' म्हटलं. गाण्याच्या बाईंनीही पायातली चप्पल काढून उलटी केली आणि तिच्याकडे प्रथमच संशयाने पाहिलं. मॅनेजरला बहुधा टाळ्या ऐकू गेल्या असाव्यात. त्याने अट मान्य केली.

रविवारी काका इस्त्रीचा सदरा घालून निघाले. झोपायला जाताना इतका नीटनेटका माणूस बिल्डिंगने पाहिला नव्हता.

"तू येतेस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या उशाशी बसून तुमच्यावर पाळत ठेवायला मी काय चिप आहे? त्या गादीचं मला काही ऐकायचं नाही. एका दुपारपुरतं का होईना, तिने मला विधवा केलं. तुम्ही जा, झोपा, आणि घोरलात की नाही ते तुमच्या तोंडाने येऊन सांगा. तुमचा शब्द मी मानीन. दिवाणाचा करार मात्र तसाच."

काका उंबऱ्यात क्षणभर थबकले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मापांवर शिक्के मारले होते. त्यांच्या शब्दावर असा शिक्का कोणी पहिल्यांदाच मारत होतं.

संध्याकाळी ते परतले तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. दिवाणावर, खुर्च्यांवर, फ्रिजला टेकून. काकांनी मूठ उघडली आणि कंपनीच्या माणसाने सकाळीच गादीतून काढून नेलेली नखाएवढी चिप टेबलावर ठेवली. पुन्हा टाळ्या. विमेवाल्यांनी ती उचलून कानाला लावून पाहिली. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

काका पाणी प्यायले. सगळ्यांवरून नजर फिरवली. इतके श्रोते त्यांना निरोपसमारंभालाही मिळाले नव्हते.

"गेलो. मधोमध गादी मांडलेली. मी म्हटलं, चला, होऊ द्या. आडवा झालो, आणि काय सांगू, पाठ टेकताच डोळा लागला. अशी झोप! मेल्यासारखी म्हणत नाही, पण जवळजवळ तशीच. तासभर मला जगाचा पत्ता नव्हता."

"मग?" डॉक्टर पुढे सरकले.

"मग काय! सगळं शोरूम चिडीचूप. पंख्याची करकर तेवढी ऐकू येतेय. एक पोरगी चहा घेऊन आली तर मॅनेजर तिला म्हणतो, 'बशी वाजवू नकोस.' टाय लावलेला एक सेल्समन माझ्या तोंडाशी कान लावून बसलाय, आणि माझ्याकडून हूं नाही की चूं नाही. शेवटी मॅनेजर त्या टायवाल्याला हळूच म्हणाला, 'अरे, इतका शांत झोपणारा माणूस मी या धंद्यात बघितला नाही.'"

"वा!" विमेवाले म्हणाले.

"म्हणजे मशीनने घोरणं शून्य दाखवलं?" गाण्याच्या बाईंनी विचारलं.

"मशीन?" काकांनी हात झटकला. टाळ्यांची त्यांना चढली होती. "बिनशिक्क्याच्या मशीनचं मी कशाला ऐकू? त्याच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही! पंखा काय, बशी काय, मॅनेजर काय, तासभर जे जे झालं ते मी स्वतः, माझ्या या दोन कानांनी ऐकलंय!"

खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. काकू उठल्या. त्यांनी काकांच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि दिवाणावर बसलेल्यांना जरा सरकायला सांगितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "झोपला होतात तर हे ऐकलंत कसं, आणि जागे होतात तर घोराल कसे? उठा. उशी घेऊन या."